स्मशानात बाई नको

बेवारस प्रेतांना अग्नी देणाऱ्यांचा आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्याचे ॲडमिन दत्ताजीराव गुड मॉर्निंगच्या फुलाखालीसुद्धा हुकूमच सोडतात.

परवा एका अनोळखी म्हातारीचं प्रेत आलं. वैजयंतानं आणि आम्ही तिघींनी तिला आंघोळ घातली, लुगडं नेसवलं, तिरडीवर ठेवलं. तेवढ्यात ग्रुपवर दत्ताजीराव उगवले: "ताईंनो, आता तुम्ही घरी जा. बायकांची मनं हळवी. स्मशानात बाई नको."

खाली पुरुषांच्या अंगठ्यांची रांग लागली.

वैजयंतानं लिहिलं, "दत्ताजीराव, तिरडीवर बाईच आहे. हिलाही घरी पाठवते. पत्ता तेवढा कळवा."

पत्ता कुणाकडेच नव्हता.

आम्ही चौघींनीच खांदा दिला. म्हातारीला वजनच नव्हतं.