ठकूआईचा खांदा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. देवकातळ नावाच्या उंच माचीवर तेव्हा मोजकी घरं होती. खाली उतरायला कड्याची एकच पायवाट. पायथ्याशी नदी, आणि नदीपलीकडे पेठ. पावसाळा लागला की नदी भरायची आणि माचीचा जगाशी संबंध तुटायचा. मग जे काही व्हायचं, जन्म असो की मरण, ते वरच व्हायचं.

त्या माचीवर ठकूआई नावाची सुईण होती. तिच्या हातांना डोळे होते, असं म्हणतात. आणि तिथेच राघूची बायको सगुणा राहत होती. सगुणाला दिवस गेले होते, आणि ती दुखणं लपवत होती.

दुखणं साधं नव्हतं. उंबरा ओलांडायला पाय उचलला की जांघेत करवत फिरल्यासारखी कळ यायची. अंथरुणावर कूस बदलणं म्हणजे डोंगर चढणं. पण तिची सासू तुळसाबाई म्हणायची, "पोटुशी बाई दुखायचीच. मी नाचणीच्या शेतात बाळंत झाले आणि संध्याकाळी भाकरी थापली." म्हणून सगुणा गप्प राहायची आणि भिंतीला धरून चालायची.

सातवा महिना लागला तेव्हा ठकूआई तिला बघायला आली. पोटाला हात लावायच्या आधी तिने विचारलं, "कुठं दुखतं ते बोटानं दाखव."

हे सगुणाला कुणी विचारलंच नव्हतं. तिने बोट दाखवलं आणि तिला रडू कोसळलं. मग एकेक करत सगळं बाहेर आलं. पायांची सूज, मधूनच लुगड्याला लागणारा रक्ताचा डाग, आणि मागचं मूल पोटातच गेलं होतं त्याची भीती.

ठकूआईने शांतपणे पोट चाचपलं. मूल आडवं होतं. ती तुळसाबाईला म्हणाली, "हिचं बाळंतपण माचीवर करायचं नाही. पेठेत वैद्य आहेत, औषध आहे. नदी भरायच्या आत हिला खाली न्यायचं."

"लोक काय म्हणतील? आमची सगळी इथंच झाली."

"झाली, देवाची कृपा. ज्यांची नाही झाली त्या बोलायला उरल्या नाहीत, तुळसा."

तुळसाबाई उठली आणि तिने सुनेसाठी घोंगडी अंथरली.

मग ठकूआईने सगुणाला निजवलं आणि म्हणाली, "गुडघे हळूहळू दूर कर. कळ आली की थांब." सगुणा थांबली तिथे ठकूआईने दोन गुडघ्यांमधल्या अंतराएवढा सुताचा दोरा तोडला. "बाळंत होताना या दोऱ्यापुढं कुणी हिचे पाय ओढायचे नाहीत. आणि तू सांग बाई, कुशीवर होशील की गुडघ्यांवर?"

"मी सांगायचं?" सगुणाने विचारलं.

"अंग तुझं आहे."

सगुणा म्हणाली, "कुशीवर."

त्या दिवसापासून तुळसाबाई विहिरीवर एकटी जाऊ लागली. सुनेने हंडा मागितला तरी देईना.

कड्यावरून न्यायचं तर डोली हवी, आणि डोलीचा एक हिसकासुद्धा सगुणाला सोसणारा नव्हता. म्हणून ठकूआई स्वतः डोलीत बसली, मांडीवर काठोकाठ भरलेला तांब्या घेतला आणि राघूला नि शेजाऱ्यांना म्हणाली, "चला." पहिल्या खेपेला ती कमरेखाली भिजली. हसली आणि म्हणाली, "पुन्हा." रोज सकाळी माणसं तिला घेऊन कडा उतरायची आणि चढायची. पाय कुठं टाकायचा, खांदा कुठं बदलायचा, हे अंगात मुरलं. शेवटी तांब्यातलं पाणी डचमळेनासं झालं.

मृगाच्या आधी उतरायचं ठरलं होतं. पण एका सकाळी सगुणाला डाग नाही, धार लागली. आणि त्याच सकाळी वरच्या रानात पाऊस होऊन नदीला लोंढा आला.

"आता?" राघूने विचारलं.

"आता जे रोज करतोस तेच," ठकूआई म्हणाली.

डोली निघाली. सगुणा डोळे मिटून पडली होती. कड्यावर एक अवघड टप्पा होता, जिथे माणसाला उडी मारावी लागे. त्या दिवशी तिथला कातळ गाय बसते तसा खाली बसला, असं म्हणतात. सगुणाला एवढंच कळलं की हिसका बसला नाही.

नदीकाठी माणसं थबकली. पाणी गढूळ होऊन फुगलं होतं. ठकूआई कमरेएवढ्या पाण्यात उतरली आणि नदीशी बोलू लागली, जशी शेजारणीशी बोलते. "बाई, तूही भरत आलीस. भरलेपणाचा भार तुला ठाऊक आहे. हिला जाऊ दे." असं म्हणतात की नदीने लुगड्याचा घोळ सावरावा तसं पाणी आवरून घेतलं. डोली पलीकडे पोचली, आणि मागे लोंढा पुन्हा धडधडत आला. त्या गारव्यातच बाळ पोटात वळलं, असंही म्हणतात.

वैद्यांच्या औषधाने आणि विश्रांतीने रक्त थांबलं. आषाढात, माची ढगात बुडालेली असताना, पेठेत सगुणा कुशीवर बाळंत झाली. पेठेतल्या सुईणीच्या हातात ठकूआईचा तो दोरा होता. मुलगी झाली. दुखणं लगेच गेलं नाही. दिवाळीपर्यंत सगुणा काठी धरून चालत होती, पण चालत होती, आणि कडेवर मूल घेतलेली तुळसाबाई तिच्यामागे असायची.

पुढे एका पावसाळ्यात ठकूआई कुणाच्या तरी बाळंतपणाला नदी ओलांडून गेली, ती परत आलीच नाही. नदीत जिथे पार व्हायला उतार सापडतो, तिथे पाण्याखाली तीच उभी असते, असं म्हणतात.

आता देवकातळाला डांबरी रस्ता आहे आणि दारात गाडी येते. तरी कुणा सुनेला सातवा लागला की ओटी भरायच्या आधी गाव तिच्या अंगणात जमतं. कुठं जायचं, कसं व्हायचं, कोण सोबत हवं, ते ती सांगते, आणि तिचं संपेपर्यंत सासूसुद्धा मधे बोलत नाही. मग शेजारी एकेक करून पुढे येतात. बांधावरून कोर्टात भांडणारे भाऊही येतात. प्रत्येक जण, डोलीचा दांडा जिथे टेकायचा त्या स्वतःच्या खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, "ठकूआईचा खांदा, पोरी. हाक मार."