कासारणीचा पाना

हात नुसता लांबून पाहून बांगडीचं माप सांगणारी एक कासारीण एका गावात राहत होती. तिचं नाव हौसा. एखादी बाई कळशी घेऊन समोरून गेली तरी हौसा म्हणायची, "अडीचाचा हात. पण अंगठ्याच्या मुळाशी जाड आहे, सावकाश भराव्या लागतील." आणि भरायला बसलं की तसंच निघायचं.

तिचा एकच नियम होता. हात समोर आल्याशिवाय ती बांगडी विकत नसे. "सुनेसाठी द्या डझनभर, अंदाजाने," असं कुणी म्हटलं की ती पेटी मिटायची. एकदा सरपंचांच्या घरून निरोप आला, सगळ्या मापांच्या एकेक डझन पाठवून दे, घरात असलेल्या बऱ्या. दुसरी कुणी असती तर धावत देऊन आली असती. हौसा गेली ती सांगायला. "वहिनी, सगळ्या मापांचं घर भरून ठेवाल, आणि तुमच्या हाताची नेमकी सापडायची नाही. आधी हात, मग बांगडी." वहिनींना राग आला. तरी त्यांनी हात पुढे केला.

तिचा नवरा दामोदर पूर्वी मोटारसायकलवर पेटी बांधून गावोगाव फिरायचा. पुढे त्याची नजर मंदावली आणि गाडी दारात उभी राहिली. मग हौसाच ती चालवायला शिकली. लोक हसले. म्हशीवर बसल्यासारखी बसते, म्हणाले. दामोदर तिला म्हणाला, "हसू दे. हसणारे पायी चाललेत." त्यानंतर हौसाने मागे वळून पाहिलं नाही, वळणावर सोडून.

गाडी जुनी होती. तिची चेन सारखी ढिली पडायची. तालुक्याचा मिस्त्री कामाला चोख होता, पण त्याच्याकडे गाड्यांची रांग, आणि त्या रांगेत हौसाचा बाजाराचा दिवस जायचा. दामोदर म्हणाला, "चेन ताणणं काही अवघड नाही. मी शिकवतो, तू कर. फक्त अवजारं आण." हौसाने बांगड्यांच्या पेटीत कापसाखाली जपून ठेवलेली पाचशेची नोट काढली.

त्यात टेकाडवाडीच्या सारिकाचं लग्न तोंडावर आलं होतं आणि चुड्याची सुपारी हौसाला मिळाली होती. चुडा म्हणजे कासाराचा मान. साडीचोळी, नारळ, आणि शिवाय लग्नघरातल्या यच्चयावत बायकांचे हात. त्या एका दिवसावर घराचे दोन महिने निघतात. सारिकाचा हातही सोपा नव्हता. लहानपणी ती झाडावरून पडली होती आणि अंगठ्यामागचं हाड वाकडंच जुळलं होतं. हौसा मुद्दाम तिच्या घरी जाऊन तो हात दाबून, वळवून पाहून आली होती आणि त्याच्यासाठी हिरव्या बांगड्या एकेक करून निवडल्या होत्या.

दुसऱ्याच्या हाताची एवढी काळजी घेणारी ही बाई स्वतःसाठी खरेदीला निघाली तेव्हा काय झालं, ते ऐका.

तालुक्याला जीवराजशेठचं अवजारांचं दुकान होतं. हौसाने नोट पुढे केली. "शेठ, गाडीची अवजारं द्या. एवढ्यातच भागवायचंय."

"गाडी कुठंय?" शेठने विचारलं.

"बाजाराच्या त्या टोकाला लावलीय."

"मग घेऊन या, ताई. नटाला लावून बघू. एवढ्या पैशात दोन रिंग पाने, एक प्लग पाना आणि एक चांगला स्क्रू ड्रायव्हर येईल. चार वस्तू. पण माप बघून."

हौसाचं लक्ष शेठच्या बोलण्याकडे नव्हतंच. फळीवर एक लाल पेटी उघडून ठेवली होती. आत मखमल, आणि मखमलीत ओळीने बसवलेले चाळीस नग. सगळे लखलखीत. कासारणीचा जन्म चकाकीत गेलेला. तिला तिथून नजर काढवेना.

"ही केवढ्याला?"

"तेवढ्यालाच."

"चाराच्या पैशात चाळीस?" हौसा हसली. "तुम्हीच सांगा, शेठ, मी वेडी आहे का?"

"मला नका विचारू. गाडीला विचारा," शेठ म्हणाला.

हौसाला घाई होती. शेठ झाला तरी दुकानदार होता, साधू नव्हता. त्याने पेटीवरची धूळ पुसली आणि ती तिच्या हातात दिली.

गावात पेटी बघायला माणसं जमली. ज्यांच्याकडे सायकलही नव्हती त्यांनीही एकेक नग उचलून पाहिला. दामोदरने बोटांनी चाचपलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. "सगळं बारीक वाटतंय गं. मागच्या चाकाचा नट केवढा आहे, पाहिलायस ना?"

"चाळीस आहेत. एक तरी बसेलच की."

त्या 'बसेलच'ने घात केला. लावून बघायला दहा पावलांवर गाडी उभी होती. पण नव्या मखमलीला ग्रीसचे हात लावणं तिच्या जिवावर आलं. पेटी मिटून ती चुडा बांधायला बसली.

हळदीच्या दिवशी सकाळीच हौसा निघाली. मागे बांगड्यांची पेटी, पुढे टाकीवर लाल पेटी. टेकाडवाडीच्या चढाला चेन खडखडली आणि उतरली. तिने हाताने चढवली. दहा हात गेली, पुन्हा उतरली. आता ताणल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि ताणायची तर मागच्या चाकाचा मोठा नट आधी सैल करायला हवा. दामोदरने सगळं नीट शिकवलं होतं. हौसाने ऐटीत लाल पेटी उघडली.

पहिला नग बसेना. दुसरा बसेना. तिने सगळ्यात मोठा शोधून काढला, तर तो त्या नटाच्या डोक्यावरसुद्धा चढेना. चाळीसच्या चाळीस वामनमूर्ती. शेवटी तिने पेटीतली पक्कड घेतली, नट आवळून धरला आणि सगळा जीव लावून फिरवला. पक्कड सटकली. पुन्हा धरली, पुन्हा सटकली. नटाचे कोपरे झिजून तो गोल गुळगुळीत झाला. आता योग्य पाना मिळाला असता तरी तो बसला नसता.

हौसा रस्त्यात बसली आणि तिला रडू आलं. ऊन चढत होतं. डोंगरापलीकडे सारिका पाटावर बसायची वेळ होत आली होती.

तेवढ्यात शेळ्या घेऊन ठकूबाई आली. तिथल्याच माळावर राहणारी म्हातारी. तिने गाडीकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं.

"येवढी मोठी पेटी हाय की गं. मंग अडलं कशानं?"

"एकही बसत नाही, ठकूबाई."

"घेताना गाडीला लावून बगितलं न्हाईस व्हय?"

ठकूबाईने आपला सुकलेला हात पुढे केला. त्यात हिरव्या बांगड्या होत्या. "ह्या मी शेजारणीकडनं मागवल्या व्हत्या. तू दिल्या न्हाईस. उनाचं पायी यायला लावलंस. आदी हात, म्हनालीस, मंग बांगडी."

"रागावला होतात?"

"लई. पर त्या बांगड्या अजून हातात हायती."

हौसाने पदराने डोळे पुसले. शरम वाटली, पण त्या शरमेने जरा बरंही वाटलं. काय चुकलं ते तरी कळलं होतं. ठकूबाईने तिला डोंगरावरून जाणारी पायवाट दाखवली. डोक्यावर एकच पेटी नेता येणार होती. ती कोणती, हे सांगायला नको.

"गाडीकडं मी बघते," ठकूबाई म्हणाली. "ही तांबडी पेटी कुनी उचलली तर आडवू, का जाऊ दिऊ?"

रडवेल्या हौसाला हसू फुटलं. ती तशीच चढाला लागली.

ती पोचली तेव्हा उशीर झालाच होता. वाट पाहून घरच्यांनी शेजारच्या गावचा कासार बोलावला होता. त्याने सगळ्या बायकांचे हात भरून टाकले होते आणि तो नवरीपाशी आला होता. आणि नवरीच्या हातावर पहिलीच बांगडी वाढली. लग्नघरात बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही, वाढली म्हणतात. पण शब्द बदलला म्हणून मन थोडंच फसतं? दुसरीही वाढली. सारिकाच्या हाताला ओरखडा उठला, तिची आई पांढरी पडली, आणि बायकांत कुजबुज सुरू झाली. कासाराला घाम फुटला. त्या बिचाऱ्याचा तरी काय दोष? तो हात त्याने आधी कधी पाहिलाच नव्हता.

दारात हौसा उभी राहिली. पायात काटे, हात ग्रीसने काळे.

"हौसाबाई, ही काय यायची वेळ झाली?" नवरीच्या आईने विचारलं. आवाजात राग होता आणि रडूही होतं.

गाडी बंद पडली, एवढं सांगून भागलं असतं. ते खोटंही नव्हतं. पण हौसा म्हणाली, "वहिनी, चूक माझी. जगाला सांगत फिरते, हात बघून बांगडी घ्या. आणि स्वतः गाडी न बघता चाळीस अवजारं घेतली. त्यातलं एकही बसलं नाही. डोंगर चढून आलेय."

पहिल्यांदा सारिका हसली. मग तिची आई. मग सगळी पडवी हसली, आणि दोन वाढलेल्या बांगड्यांचं जे दडपण बसलं होतं ते कुठच्या कुठे गेलं.

हौसाने हात धुतले. त्या कासाराने आपणहून जागा दिली. तिने सारिकाचा अंगठा आत दुमडला, वाकड्या हाडाच्या बाजूने बांगडी तिरपी घेतली आणि बोलता बोलता मनगटावर नेली. मग दुसरी. मग तिसरी. सगळा चुडा भरला, एकही वाढली नाही. चुड्याचा मान हौसाला मिळाला. बाकीच्या हातांचे पैसे त्या कासाराला गेले. ज्याने काम केलं त्याला मिळाले, म्हणून हौसानेही कुरकुर केली नाही.

दुसऱ्या दिवशी लग्नघरच्या टेंपोतून हौसाने गाडी तालुक्याला नेली आणि जीवराजशेठच्या दुकानाच्या अगदी पायरीशी उतरवली.

"शेठ, हात आणलाय. आता बांगडी भरा."

शेठ खाली वाकला. नट पाहून त्याने विचारलं, "अरेरे, हे काय झालं?"

"वाढला," हौसा म्हणाली.

शेठला हसू आवरेना. त्याने मिस्त्रीला बोलावून तो गोल झालेला नट छिन्नीने काढायला आणि नवा बसवायला लावला. मग एकेक रिंग पाना लावून पाहिला. एक डुगडुगला. एक आत शिरेना. तिसरा गेला तो असा बसला की जागचा हलेना. हौसाने तो स्वतः धरून पाहिला, आणि नेमक्या मापाचं काही हातात आलं की तिच्या चेहऱ्यावर यायचं ते समाधान आलं.

"पण शेठ, आज माझ्याकडे दोन पान्यांपुरतेच पैसे आहेत."

"मग दोनच घ्या. गाडी रोज कशाला अडते?"

"चेनला. आणि सकाळच्या गारठ्यात प्लगला."

"झालं तर. बाकीचं ती मागेल तेव्हा."

हौसाने मोठ्या नटाचा रिंग पाना आणि प्लग पाना घेतला. स्क्रू ड्रायव्हर दिवाळीनंतर आला, दुसरा रिंग पाना त्याच्याही नंतर. दरवेळी गाडी पायरीशी उभी असायची. खोटं कशाला सांगा, लाल पेटीतले दोन नग कामाला आले. एक चेनच्या बारीक नटाला बसला आणि एक दामोदरच्या चष्म्याच्या स्क्रूला. बाकीचे माळ्यावर गेले. पेटी मात्र झकास होती. मखमलीत आता चुड्याच्या बांगड्या बसू लागल्या.

पुढे एकदा हौसा आणि मागे बसलेला दामोदर त्याच चढावर आले. चेन खडखडली. हौसाने गाडी उभी केली, पाना काढला, नट सैल केला. दामोदरने बोटांनी चेन चाचपून सांगितलं, "अजून थोडी. बास." तिने नट आवळला. शेळ्या चारत ठकूबाई जवळ येऊन उभी राहिली होती.

"बसला का गं?"

"बसला."

"मंग हात धू," ठकूबाई म्हणाली आणि आपला हात पुढे केला. "माजी येक बांगडी वाढलीया. मागवीत न्हाई बसले. हात घिऊनच आले."

हौसाने हात धुतले आणि लाल पेटी उघडली.

तात्पर्य: गाठीला पैसा थोडा असेल तर नग मोजू नयेत, गरज मोजावी, आणि जगाला शिकवलेला धडा आधी आपल्या हाताला बसतो का, ते पाहावं.