हिरवं पंचामृत

सावळनाथ महाराज पूर्णाकाठच्या आडगव्हाणात आले, तेव्हा गावाला वाटलं, साधू माणूस आहे, देवळात उतरेल. महाराज उतरले कुंभाराच्या ओसरीवर! मडक्यांच्या उतरंडीशेजारी घोंगडी अंथरली आणि म्हणाले, "आम्हाला हेच बरं. इथे प्रत्येक मडकं वाजवून घेतात."

संध्याकाळी तिथे भजन होई. भजन सरलं की इतर साधू उपदेशाला बसतात, महाराज लेकरांना पुढे बोलावीत आणि विचारीत, "सांगा रे, आज काय कळलं नाही?" जे लेकरू सांगेल, त्याच्या हातावर आधी प्रसाद! एकदा एका पोराने विचारलं, "देव सगळीकडे आहे, तर देवळाला कुलूप कशाला?" मोठ्यांनी जिभा चावल्या. महाराज मात्र पोट धरधरून हसले. म्हणाले, "बाळा, याचं उत्तर मलाही शोधावं लागेल. उद्या ये." आणि दुसऱ्या दिवशी त्याला जवळ बसवून उत्तर दिलं. असा साधू कुठे पाहिलात, मंडळी?

त्या भजनाला सगुणाबाई येत. धुंडिराजशास्त्र्यांची ही बायको. पाण्याला जाते म्हणून निघायचं, घागर दाराशी ठेवायची आणि मागच्या बाजूला पदर ओढून बसायचं. सोबत आठ वर्षांची लेक, रेवा. घाबरतच का होईना, रेवाही विचारू लागली होती. पहिल्यांदा तिच्या हातावर प्रसाद पडला, तेव्हा घरी पोचेपर्यंत पोरीने मूठ उघडली नव्हती.

आता शास्त्रीबुवांचं सांगतो. माणूस दुष्ट नव्हता हो! विद्वान होता, आचाराने कडक होता, देवाचं सगळं जिथल्या तिथे करणारा होता. पण त्यांच्या घरात 'का' हा शब्द चालत नसे. पहाटे गार पाण्याने अंघोळ, मग स्तोत्रं, मग सोवळं. "का म्हणणारी जीभ झडते," असं ते लेकीला सांगत, आणि ते खरंच आहे असं त्यांना मनापासून वाटे. बायको-लेक कुंभाराच्या ओसरीवर जातात हे कानावर आलं, तेव्हा त्यांनी चार पाहुण्यांसमोर सगुणाबाईंना हाक मारली.

"ऐकलंत का मंडळी? आमच्या घरात गार्गी निपजणार आहे! चिखल तुडवणाऱ्याच्या दारात ब्रह्मविद्या शिकतायत दोघी. आणि तो साधू! पोरांना नाम द्यायचं सोडून संशय देतो. उद्या ही पोरं बापाला विचारतील, तू बाप कशावरून!"

पाहुणे खो खो हसले. सगुणाबाई मान खाली घालून आत गेल्या. त्या दिवसापासून दोघींचं भजनाला जाणं बंद झालं.

श्रावणातला सोमवार आला. शास्त्रीबुवांकडे रुद्राभिषेक होता. पंचामृतासाठी त्यांच्या घरी एक मोठं पितळी पातेलं होतं, पिढ्यान्‌पिढ्यांचं. त्याची कल्हई पार उडाली होती. तुम्हा बायांना मी काय सांगायचं! कल्हई नसलेल्या पितळेत आंबट ठेवलं की ते कळकतं, त्याचं विष होतं. सगुणाबाईंनी आखाडातच म्हटलं होतं, "अहो, पातेल्याला कल्हई करून आणायला हवी."

"देवाच्या भांड्याला कल्हईवाल्याचा हात?" शास्त्रीबुवा कडाडले. "सोवळ्यातलं भांडं आहे ते! तुझ्या आमटीचं नव्हे." सगुणाबाई गप्प बसल्या. गप्प बसायची सवयच होती.

सकाळी दूध, दही, तूप, मध, साखर त्या पातेल्यात पडली. अभिषेक लांबला. तीर्थ वाटायची वेळ झाली तेव्हा दुपार कलली होती. सगुणाबाई चुलीशी होत्या. रेवा धाकट्या वामनला कडेवर घेऊन देवघराशी आली. वामन नुकता पाऊल टाकू लागला होता, आणि तापातून उठून चार दिवस झाले होते. रेवाने पातेल्यात पाहिलं. कडेकडेने हिरवट झाक आली होती.

"अण्णा," ती हळूच म्हणाली, "पंचामृत हिरवं का दिसतंय? तुम्हीच शिकवलंत ना, तांब्याच्या भांड्यात दही ठेवू नये. मग पितळेच्या चालतं का?"

किती शहाणा प्रश्न, मंडळी! बापाचंच शिकवणं बापापुढे ठेवलं होतं लेकराने. पण देवघर माणसांनी भरलेलं होतं. शास्त्रीबुवांचा चेहरा लाल झाला आणि रेवाच्या गालावर पाचही बोटं उमटली.

"तीर्थाला नावं ठेवतेस? तीर्थाकडे बघायचं नसतं, डोळे मिटून घ्यायचं असतं!"

रेवाने डोळे मिटले, हात पुढे केला, पळीभर तीर्थ घेतलं. शास्त्रीबुवांनी वामनला तिच्या कडेवरून घेतलं, मांडीवर बसवलं आणि वाटी भरून त्याच्या ओठांना लावली. "बघा, हा कसा घेतो! याला शंका नाही," असं सगळ्यांना कौतुकाने म्हणाले. गोड होतं. लेकराने चाटूनपुसून वाटी रिकामी केली.

दिवेलागणीला वामनला उलट्या सुरू झाल्या. मोठ्या माणसांनाही मळमळत होतं, पण सगळे म्हणाले, उपास बाधला. वैद्य आले, मात्रा दिली, पण तापाने खंगलेलं एवढंसं पोर ते, कितीसं झुंजणार! उजाडताना आईच्या मांडीवर त्याने मान टाकली.

शास्त्रीबुवा भिंतीला टेकून बसले होते. बापाचं काळीज होतं तेही. दुःखाला कुठेतरी तोंड हवं होतं, आणि समोर रेवा उभी होती. ते तिला म्हणाले, "तू शंका घेतलीस. तीर्थाचा अपमान झाला. देव कोपला आणि माझा वामन नेला."

त्यानंतर रेवा बोललीच नाही.

दिवस गेले, पंधरवडे गेले. पोरगी सांगितलेलं काम करी, वाढलेलं खाई, स्तोत्राला बसवली तर ओठ नुसते हलवी. शेजारणी म्हणत, वाचा गेली बिचारीची. सगुणाबाई तिला पोटाशी धरून सांगत, "तुझ्यामुळे नाही गं माझे राणी, तुझ्यामुळे नाही!" रेवा ऐकून घेई आणि अण्णांच्या बंद दाराकडे पाही. त्या घरात खरं काय आणि खोटं काय, हे एकच माणूस ठरवत असे. आईच्या शब्दाला तिथे वजन नव्हतं, हे लेकराला पक्कं ठाऊक होतं.

शेवटी एके दुपारी सगुणाबाई उठल्या आणि भर गावातून, घागर न घेता, कुंभाराच्या ओसरीवर गेल्या. महाराजांच्या पायांवर त्यांनी डोकं आपटलं.

"महाराज, मला माहीत होतं! पातेल्याची कल्हई उडालेली होती. लेकरू गेलं तेव्हाच माझ्या मनात आलं होतं. मी बोलले नाही. आताही बोलत नाही. एक गेलं, आता दुसरंही डोळ्यांदेखत चाललंय!"

महाराजांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मग ते म्हणाले, "माय, गेलेलं लेकरू मला आणता येत नाही. आणता आलं असतं, तर तुला एवढं चालत यावं लागलं नसतं. पण राहिलेलं जाऊ द्यायचं नाही. शास्त्रीबुवांकडे पुन्हा पूजा कधी आहे?"

"सोमवारी. तीर्थाच्या अपमानाचं प्रायश्चित्त. पातेलं तेच आहे."

"येतो," महाराज म्हणाले.

सोमवारी शास्त्रीबुवांच्या अंगणात माणसं जमली होती. सगुणाबाई रेवाचा हात धरून तुळशीपाशी उभ्या होत्या. महाराज एकटेच आले आणि पायरीच्या खालीच थांबले.

शास्त्रीबुवा उपहासाने म्हणाले, "या, या! आज कोणता संशय पेरायचाय? कुंभाराकडचं खाऊन आलात, सोवळ्यात काही घेता येणार नाही तुम्हाला."

"आत यायचंच नाही आम्हाला," महाराज शांतपणे म्हणाले. "तेवढं पंचामृत द्या. पातेलं इथे आणा आणि आमच्यासमोर कालवा."

"तीर्थाला आम्ही कोणाला नाही म्हणत नाही." शास्त्रीबुवांनी पातेलं पायरीवर आणून ठेवलं. त्यात दूध ओतलं, दही घातलं, तूप, मध, साखर घातली. सगळं पांढरंशुभ्र होतं. महाराजांनी पातेल्याच्या काठाला एक बोट लावलं, डोळे मिटले आणि त्यांच्या ओठांतून एवढंच निघालं, "देवा, तिने जे पाहिलं, ते सगळ्यांना दिसू दे."

आणि काय सांगू! ज्याला सकाळपासून दुपार लागते, ते डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच झालं. काठाकडून हिरवी रेघ सुटली, पसरत पसरत मध्यापर्यंत गेली आणि सगळं पंचामृत शेवाळासारखं हिरवं झालं! माणसं पुढे वाकून पाहू लागली.

महाराजांनी उजवा हात पुढे केला. "घाला, शास्त्रीबुवा."

घालू नये तरी पंचाईत, घालावं तरी पंचाईत! नाही म्हणावं, तर त्या दिवशी लेकीने विचारलं ते खरं ठरतं. शास्त्रीबुवांनी पळी रिती केली. महाराजांनी सभोवार पाहिलं. विद्वान होते, वडीलधारे होते, वैद्यही होते. सगळ्यांना दिसत होतं आणि तीर्थाला नाव कोण ठेवणार म्हणून सगळे गप्प होते. सगुणाबाईंचे शब्द ओठांशी येऊन अडले. महाराजांनी हात तोंडाकडे नेला.

"महाराज, पिऊ नका!"

रेवा आईचा हात हिसडून धावली होती. तिने महाराजांचं मनगट दोन्ही हातांनी धरून खाली ओढलं. तीर्थ मातीत सांडलं. "ते कळकलंय! वामनने प्यायलं होतं! मी विचारलं होतं, मी अण्णांना विचारलं होतं हो!" पोरीचा आवाज इतक्या दिवसांनी फुटला होता, घोगरा, फाटका. त्या आवाजाने अंगणातल्या बायांनी पदर डोळ्यांना लावले.

महाराज खाली बसले. रेवाच्या डोक्यावर डावा हात ठेवून म्हणाले, "बाळ, तुला अजून काहीतरी विचारायचंय. इतके दिवस गिळून बसली आहेस. विचार."

रेवा बापाकडे वळली.

"अण्णा, वामन माझ्यामुळे गेला का?"

शास्त्रीबुवांनी आशेने महाराजांकडे पाहिलं. महाराजांनी मान हलवली. "मी सांगितलं तर तिला पटणार नाही, शास्त्रीबुवा. तिच्या आईने सांगितलं, तेही पटलं नाही. ज्याने खोटं सांगितलं, त्यानेच खरं सांगायचं."

शास्त्रीबुवांचे ओठ हलत होते. आयुष्यभर त्यांनी ज्ञान सांगितलं, पण असं अवघड वाक्य कधी तोंडातून गेलं नव्हतं. हातातली पळी खाली पडली आणि ते पायरीवरच मटकन बसले.

"नाही बाळ," ते म्हणाले. "तू विचारलं होतंस. मी ऐकलं असतं तर तो असता. माझ्यामुळे गेला. माझ्या हाताने गेला गं!"

हे बोलून तो पर्वतासारखा माणूस ढसाढसा रडू लागला. ते महाराजांच्या पायांकडे वाकले, तेव्हा महाराज दोन पावलं मागे सरले. "इथे नको. हिच्यापाशी." नवरात्रात कुमारिकेच्या पायांवर डोकं ठेवतात, तसं धुंडिराजशास्त्र्यांनी आपल्या लेकीच्या पायांवर डोकं ठेवलं. ज्या गालावर बोटं उमटवली होती, त्या गालाकडे मान वर करून पाहण्याची त्यांची हिंमत होत नव्हती.

रेवाला काय करावं ते कळेना. मग ती बापाजवळ मातीत बसली. सगुणाबाई येऊन दोघांच्या मध्ये बसल्या आणि वामनचं नाव घेऊन त्यांनी हंबरडा फोडला. इतके दिवस त्या मनमोकळं रडल्याही नव्हत्या.

महाराज प्रसादाला थांबले नाहीत. बंधुभगिनींनो, सावळनाथांच्या चमत्कारांत लोक हिरव्या झालेल्या पंचामृताचा चमत्कार सांगतात. सांगोत बापडे. रेवाने विचारलं आणि बापाने खरं उत्तर दिलं, मी त्यालाच नमस्कार करतो.