आत्याला सांगितलेले सिनेमे

परतूरची वर्षाली टेकाळे आपली पहिली पटकथा घेऊन निर्माते रांगणेकरांपुढे बसली होती. कागदांना हात न लावताच त्यांनी विचारलं, "दिग्दर्शक व्हायचंय ना? मग तुमच्यावर प्रभाव कोणाचा?"

"माझ्या आंधळ्या आत्याचा. पाहून आलेला प्रत्येक सिनेमा मी तिला सांगायचे."

रांगणेकर मोठ्याने हसले. "अहो, सिनेमा ही बघायची गोष्ट! आंधळं माणूस त्यात काय शिकवणार?"

वर्षालीला ते लागलं, पण तिने आवाज चढवला नाही. "साहेब, मिनिटभर डोळे मिटाल?"

गंमत म्हणून त्यांनी मिटले. ती सावकाश सांगू लागली. "भर दुपार. एक बाई विहिरीतून पोहरा ओढतेय. पोहऱ्यात लहान मुलाची चप्पल येते. ती दचकून मागे बघते. तिची तिन्ही मुलं तिथेच खेळतायत, आणि तिघांच्याही पायांत चपला आहेत."

ती थांबली.

"मग? चप्पल कोणाची?" रांगणेकरांनी डोळे मिटूनच विचारलं.

"सांगते. आधी सांगा, विहीर दिसली?"

"स्वच्छ! काठावर शेवाळसुद्धा होतं."

"शेवाळ मी सांगितलंच नव्हतं, साहेब. ते तुम्ही पाहिलंत. आत्या असंच बघायची."

रांगणेकरांनी डोळे उघडले आणि पटकथा पुढ्यात ओढली.