काहीनाही

त्या राज्यात एकच विहीर होती आणि तिच्यावर झाकण होतं. वेसही एकच, पांढऱ्या दगडांच्या दोन रांगांची; आणि माथ्यावर दोन खिडक्या. बाहेरून कुणी विचारलं, ‘काय झालं?’ की कारभारी बगळे वेशीत धावत आणि ओरडत, ‘काही नाही!’ पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. बगळे म्हातारे झाले होते. त्यालाच ते शहाणपण म्हणत.

विहिरीवर भुंक्या कुत्रा पहाऱ्याला असे. आतून हुंदका आला की त्याने भुंकायचं, म्हणजे तो बाहेर ऐकू जात नसे. भुंकून भुंकून बिचाऱ्याचा घसा सोलून निघाला होता. पिल्लू असताना त्याने थोरल्या बगळ्याला विचारलं होतं, "आजोबा, आत कोण आहे?"

"काही नाही."

भुंक्याला वाटलं, ते नाव आहे.

एके दुपारी त्याचा आवाजच फुटेना. आत हुंदके चालूच. शेवटी त्याने झाकणाच्या फटीला तोंड लावलं.

"ए काहीनाही, गप की रे!"

"ओ!" आतून लगेच उत्तर आलं. "मलाच ना? रोज हाक मारतात. मी ओ देतो, पण कुणी येतच नाही."

भुंक्या दोन पावलं मागे सरकला. "तू बाहेर आलास तर राज्य बुडेल म्हणतात."

"मला वर चढताच येत नाही. आणि वर कुणीतरी भुंकतं. त्याची फार भीती वाटते."

भुंक्याने डोक्याने रेटून झाकण सरकवलं. तळाशी गळ्याइतक्या पाण्यात एक पाडस उभं होतं. उजेड पडताच पाणी चढू लागलं. राज्याच्या माथ्यावरच्या दोन्ही खिडक्या पाझरू लागल्या. पाण्याबरोबर पाडसही वर येऊ लागलं.

बगळे फडफडत आले. "नालायका! लोक काय म्हणतील? जन्मभर आम्ही हे राज्य कोरडं ठेवलं!"

"आजोबा, ते लहान आहे हो."

"लहान होतं म्हणून तर मावलं," थोरला म्हणाला आणि सगळ्यांनी झाकणाला चोची लावल्या. पाणी खाली दबलं, पाडसही. झाकण बसण्याआधी भुंक्याने आत उडी टाकली.

बगळ्यांनी पंखांनी खिडक्या पुसल्या. तेवढ्यात वेशीबाहेरून आवाज आला, "अगं, रडलीस का? काय झालं?"

वेस उघडली. पांढऱ्या दगडांच्या दोन्ही रांगा झकास चमकल्या.

"काही नाही!"

आणि विहिरीच्या तळातून दोघं एकदमच म्हणाले, "ओ." त्यातला एक आवाज फार घोगरा होता.