न गळणारी फुलं

“पण देठाला सांधा नको, हे तुम्हीच शिकवलंत ना, सर?”

गोवर्धन बंगाळनं टोमॅटोची कुंडी ओट्यावर आदळली.

टोमॅटोच्या देठाला मध्यावर फुगीर सांधा असतो. फळ तिथून तुटतं, अर्धा देठ सोबत घेऊन. मग क्रेटमध्ये तो देठ शेजारच्या फळात घुसतो आणि तेही नासतं. सांधा नसलेलं वाण काढायचं, एवढाच गोवर्धनचा ध्यास. त्यापायी नोकरी नाही, लग्न नाही, चार हंगाम मातीत.

वाण निघालं. पण...

“घोस बघा. खराट्यासारखा फुटतोय. फुलंच फुलं! फळं चार-दोन. माझं चुकलं कुठं?”

वरखेडकर सर निवृत्तीनंतर डोंगराकडेला एकटेच राहत. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“आई कोण, बाप कोण?”

“बाप तुमचं बिनसांध्याचं रानटी रोप. आई आपली गावठी जात, फळावर मोठी हिरवी टोपी असते ती. दोन्ही गुण चांगलेच की!”

“एकेकटे चांगले. एकत्र आले की झाडाला थांबायचं कळत नाही.”

“म्हणजे... तुम्हाला माहीत होतं?”

“माझी उमेदीची वर्षं त्यातच गेली.”

गोवर्धनचा आवाज चढला. “दर रविवारी येतोय मी इथं! चहा पिता पिता एकदा तरी बोलायचंत!”



म्हातारे असंच करतात. उत्तर खिशात ठेवायचं आणि पोराला प्रश्नाशी झुंजवायचं. वर लोक त्याला तपश्चर्या म्हणतात.

सर उठले. वाफ्यातल्या साध्या झाडाच्या घोसाला त्यांनी टिचकी मारली. न फळलेली फुलं सांध्यातून सुटली, मातीत पडली.

मग गोवर्धनच्या कुंडीपाशी आले. टिचकी मारली.

फुलं केव्हाच सुकली होती. एकही सुटलं नाही.

“सांगितलं असतं...” सर म्हणाले, “तर तू आला असतास?”

गोवर्धनची नजर आत वळली. मोरीपाशी दोन कप उपडे होते. एकावर आठवड्याची धूळ.

“चार हंगाम, सर. माझे.”

“हो.”

“कुंडी ठेवा तुमच्याकडेच. मी परत यायचो नाही.”

“बरं.”

गोवर्धन तरातरा निघाला. कुंपणाच्या फाटकाबाहेर गेला, सवयीनं कडी लावायला वळला.

सर ओट्यावरच उभे होते.

“राहू दे रे कडी,” ते म्हणाले. “शेळ्या आल्या तर येऊ देत.”