यादीतले चार जिन्नस

"मग ह्यात हाय तरी काय?"

इमामचाचा अत्तारांनी ई-सिगारेटची ती चकचकीत नळी तळहातावर तोलली. तासगावच्या पेठेत चाळीस वर्षं अत्तरं गाळलेला तो हात आता किंचित थरथरायचा.

"चार जिन्नस," हृषीकेश म्हणाला. "ग्लिसरीन, प्रॉपिलिन ग्लायकॉल, निकोटिन आणि सुगंध. संपलं. सिगारेटसारखी राख नाही, जाळ नाही. नुसती वाफ."

पाढा म्हणावा तसं त्यानं म्हणून टाकलं. गडी रसायनशास्त्राचा एम.एस्सी., शिवाय चाचांच्या हाताखाली सहा वर्षं काढलेला. नाकावर माशी बसू देत नव्हता.

दुबईच्या एका कंपनीनं त्याला ई-सिगारेटचं द्रव बनवायला बोलावलं होतं. अट एकच, कुणाकडे नाही असा केवड्याचा सुगंध घेऊन ये. तसा केवडा एकट्या चाचांकडे होता आणि त्याची कृती त्यांनी पोटच्या पोरालाही सांगितली नव्हती. विमान परवाचं होतं.

"द्याल ना, चाचा?"

हृषीकेशनं नमुन्याला आणलेली द्रवाची बाटली त्यांनी उघडली, नाकाशी धरली.

"आंबा झ्याक जमलाय."

हृषीकेशचा जीव भांड्यात पडला.

चाचांनी फडताळातली लोखंडी पळी काढली. तिच्यात बाटलीतले थोडे थेंब ओतले, स्टोव्ह पेटवला आणि पळी आचेवर धरली.

"चाचा, हे काय?"

"हातच्या कांकणाला आरसा कशाला? बघू या की."

आधी आंबा दरवळला. मग पळी तापली, आंबा गेला, आणि करपलेल्या तेलासारखा जहाल भपका खोलीभर झाला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. चाचांना ढास लागली. छातीत शिट्टी वाजू लागली.

हृषीकेशनं स्टोव्ह बंद केला, दार सताड उघडलं, चाचांचा नेहमीचा दम्याचा पंप त्यांच्या हातात कोंबला. त्याला खरोखरच भीती वाटली.

बऱ्याच वेळानं चाचांना श्वास गवसला.

"ह्या वासाला काय म्हणत्यात?"

नाव त्याला ठाऊक होतं. सांगायला जीभ रेटत नव्हती.

"...ॲक्रोलिन."

"तुझ्या चारातलं कुठलं हे?"

"ते बाटलीत नसतं, चाचा. ग्लिसरीन फार तापलं की तयार होतं."

"आन् नळीत काय असतं?"

"तार. द्रव तिच्यावरच जातं."

"गार असती?"

"तापते," हृषीकेश म्हणाला. "पण एवढी नाही! आच सांभाळली तर काही होत नाही."

"आच कोण सांभाळतो?"

"...ओढणारा."

चाचांनी मान हलवली. मग म्हणाले, "कागद काढ. केवडा लिहून घे."

हृषीकेशला खरंच वाटेना. त्यानं घाईघाईनं पेन काढलं.

"पर आधी आपली रीत."

ती रीत तो सहा वर्षं बघत आला होता. नव्या अत्तरात बुडवलेला कापसाचा पहिला फाया चाचांच्या कानात जायचा, मगच बाटली गिऱ्हाइकाच्या हातात. ह्यात कधी खंड पडला नव्हता.

चाचांनी ती भरलेली नळी उचलली आणि ओठांना लावली.

पेन खाली पडलं. हृषीकेशनं झेप घेऊन त्यांचं मनगट दोन्ही हातांनी आवळून धरलं.

"नको! चाचा, पाया पडतो... तुमच्या छातीला नको!"

चाचांनी नळी ओठांपासून हलवली नाही. त्याच्याकडे बघत राहिले.

"सोड हात, लेका," चाचा म्हणाले. "तुझ्या यादीत तर चारच जिन्नस हायेत."